बीएक्स कडक चालते म्हणून स्प्रिंग टाकायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांकडून आलेली १९८८ ची सिट्रोएन बीएक्स, उजव्या स्टिअरिंगची, सध्या बडोद्यात कारेलीबागेत उभी असते. या गाडीच्या आरामाबद्दल आयुष्यभर ऐकलं, पण प्रत्यक्षात साधा खड्डा आला तरी ती धाडकन आपटते आणि मागे बसलेल्या आईंची कंबर धरते. गॅरेजवाला म्हणतो, ‘हे हायड्रॉलिकचं लफडं काढून टाका, स्प्रिंग आणि शॉकअप बसवून देतो.’ तसं करावं का? आणि नाही, तर गाडी पुन्हा मऊ कशी करायची?

स्प्रिंग टाकू नका. कारण फक्त जुन्या गाडीवरच्या प्रेमाचं नाही. बीएक्समध्ये सस्पेन्शन आणि ब्रेक एकाच पंपाच्या प्रेशरवर चालतात. त्यातही मागच्या ब्रेकला प्रेशर मिळतं ते मागच्या सस्पेन्शनच्या लाइनमधून. मागे वजन जास्त असेल तर त्या लाइनचं प्रेशर जास्त, म्हणून मागचा ब्रेकही जास्त लागतो. गाडी रिकामी असेल तर कमी. ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे. मागे स्प्रिंग बसवून ती लाइन बंद केली की मागचे ब्रेक गेले. त्यासाठी वेगळी जोडाजोड करणारे आहेत, पण ती कोणी कशी केली यावर तुमच्या घरच्यांचा जीव अवलंबून ठेवू नये. शिवाय स्प्रिंगचं वजन पेलायला जी जागा लागते, ती या बॉडीत त्या हिशोबाने बनवलेलीच नाही.

खरा प्रश्न ‘हायड्रॉलिक वाईट आहे का’ हा नाहीच. तुमच्या गाडीत या घडीला गॅसची स्प्रिंग शिल्लक आहे का, हा आहे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून ती बहुतेक संपलेली दिसते.

गॅस कमी झाला की गाडी मऊ नाही, कडक होते

इथेच बहुतेक मेकॅनिकांचा घोटाळा होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. प्रत्येक चाकाच्या सिलिंडरवर एक लोखंडी गोळा असतो, त्याला स्फिअर म्हणतात. आत मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला एलएचएम नावाचं हिरवं तेल. चाक वर आलं की सिलिंडरमधला पिस्टन तेल गोळ्यात ढकलतो आणि तेल पडद्यामागचा गॅस दाबतं. तेल दाबलं जात नाही, गॅस दाबला जातो. म्हणजे स्प्रिंग म्हणाल तर ती फक्त त्या गॅसची. तेल नुसतं निरोप पोहोचवतं.

आता आकडे घालून बघा. समजा गोळा ४०० सीसीचा आहे, त्यात ५५ बारने (बार हे दाबाचं माप) गॅस भरलाय आणि गाडीच्या वजनाने लाइनमध्ये १०० बार प्रेशर येतंय. गॅस दबून २२० सीसी उरतो. हीच तुमची गादी. गळती होऊन भरलेला गॅस निम्म्यावर, म्हणजे साडेसत्तावीस बारवर आला, तर गाडीचं वजन काही कमी होत नाही, लाइनमध्ये १०० बार राहणारच. मग गॅस उरतो ११० सीसी, आणि सस्पेन्शन दुप्पट कडक होतं. चौदा बारच्या आसपास आला तर उरतो पंचावन्न-छप्पन्न सीसी, कडकपणा चौपट. त्यापुढे गोळा जवळजवळ तेलाने भरलेला असतो. खड्ड्यात चाक वर आलं की तेलाला जायला जागाच नसते आणि धक्का थेट बॉडीत येतो.

गंमत म्हणजे गाडी उंचीला अगदी बरोबर उभी दिसते. हाइट करेक्टर तेल आत-बाहेर करून उंची सांभाळतोच, गॅस असो वा नसो. म्हणून ‘गाडी खाली बसत नाही, म्हणजे सस्पेन्शन ठीक आहे’ हा निष्कर्ष या गाडीत चालत नाही. टायरचं गणित, हवा कमी म्हणजे मऊ, इथे पूर्ण उलटं आहे. कडक लागते म्हणून कोणी गोळ्यातला गॅस ‘थोडा सोडून बघू’ म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नका.

रबराच्या पडद्यातून गॅस वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतोच. त्यात कोणाची चूक नाही. गोळा हा ब्रेक लायनिंगसारखा झिजणारा भाग आहे. चार-पाच वर्षांनी तपासायचा, लागेल तेव्हा भरायचा किंवा बदलायचा. नुसती उभी असलेल्या गाडीतूनही गॅस जातो, त्यामुळे ‘गाडी फार चाललेली नाही’ हे समाधान इथे उपयोगाचं नाही.

पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी तपासा

सपाट जागी इंजिन सुरू करा. गिअरजवळचा उंचीचा लिव्हर कुठे आहे ते आधी बघा. हसू नका, अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. बडोद्याच्या सोसायट्यांतल्या स्पीड ब्रेकरला पोट घासू नये म्हणून लोक लिव्हर एक खाच वर ठेवून देतात आणि विसरतात. वरच्या स्थितीत सिलिंडर ताणून शेवटाकडे गेलेला असतो, चाकाला आणखी खाली जायला वाव राहत नाही आणि गाडी ठोकळ्यासारखी चालते. सगळ्यात वरची स्थिती चाक बदलण्यासाठी आणि तेल बघण्यासाठी आहे. अगदीच पाण्यातून जायचं झालं तर मधल्या स्थितीत, माणूस चालतो त्या वेगाने. बाकी कायम नॉर्मल.

लिव्हर नॉर्मलला, इंजिन चालू. पुढच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी वजन टाका. गाडी लोण्यासारखी काही सेंटिमीटर खाली जायला हवी आणि सोडल्यावर एकदाच वर येऊन थांबायला हवी. मग मागे डिकीच्या कडेवर तसंच. हाताखाली दगड लागला, किंवा गाडी टायरवरच हलतेय असं वाटलं, तर त्या बाजूचे गोळे संपले. डावं-उजवं वेगवेगळं तपासा. एक गोळा बरा आणि एक मेलेला, हे नेहमीचं आहे.

मग बॉनेट उघडून कान द्या. पंपाजवळच्या प्रेशर रेग्युलेटरमधून थोड्या थोड्या वेळाने ‘टक’ असा आवाज येतो. प्रेशर साधारण १४५ बारपर्यंत उतरलं की रेग्युलेटर पंपाला कामाला लावतो आणि १७० च्या आसपास गेलं की सोडतो. गाडी उभी, कोणी ब्रेक दाबत नाही, स्टिअरिंग फिरवत नाही, अशा वेळी दोन टकांमध्ये अर्धा मिनिट किंवा जास्त अंतर असेल तर उत्तम. दर दोन-चार सेकंदांनी टकटक होत असेल तर रेग्युलेटरवरचा पाचवा गोळा, म्हणजे मुख्य अ‍ॅक्युम्युलेटर, गेलेला आहे किंवा आत कुठेतरी तेल निसटतंय. याचा आरामाशी थेट संबंध नाही, पण इंजिन अचानक बंद पडलं तर ब्रेकसाठी जे प्रेशर साठून असतं ते याच गोळ्यात. चार गोळे करताना हा पाचवा सोडला तर काम अर्धवट राहिलं असं समजा.

तेलाची पातळी बघायची ती गाडी सगळ्यात वरच्या स्थितीत नेऊन, इंजिन चालू ठेवून. टाकीवरच्या काचेतला तरंगता खूण-तुकडा दोन कड्यांच्या मध्ये हवा. खालच्या स्थितीत तेल टाकीत परत आलेलं असतं, तेव्हा बघून भरलं तर तेल कमी पडतं.

तेलाचा रंग मात्र मनापासून बघा. चांगलं एलएचएम पारदर्शक हिरवं असतं. काळपट म्हणजे जुनं. दुधट म्हणजे पाणी शिरलंय. तुम्ही लिहिलंय की ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडीची चाकं पाण्यात होती. टाकी वर असते, त्यामुळे तेलात पाणी गेलं असेलच असं नाही. पण मागच्या आर्मचं बेअरिंग, सिलिंडरचे रबरी बूट आणि हाइट करेक्टरच्या दांड्या नेमक्या चाकाच्या उंचीला आहेत. त्यावर पुढे येतो.

गोळे: भरायचे की नवे घ्यायचे

हे गोळ्याच्या माथ्यावर काय आहे त्यावर ठरतं. वर स्क्रूचा बोल्ट असेल तर तो भरता येतो. वर काही नसेल, सीलबंद असेल, तर नवाच घ्यावा लागतो. आणि आतला पडदा फाटला असेल तर कुठलाही गोळा भरून उपयोग नाही. पडदा फाटला की नाही हे कळायला गोळा काढून तोंड खाली करा. थोडं तेल आलं आणि थांबलं तर ठीक. हलवल्यावर आत भरपूर तेल खळखळत असेल, तर ते पडद्याच्या पलीकडे गेलंय. गोळा भंगारात.

भरायचं असेल तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली, गॅस नायट्रोजनच हवा. कॉम्प्रेसरच्या हवेत ओलावा असतो, ऑक्सिजन असतो. रबर खराब होतं, आणि दाबाखालची हवा व तेल एकत्र आले तर स्फोटाचा धोका असतो. ऑक्सिजनचा सिलिंडर तर चुकूनही जोडू नका. दुसरी, टायरवाल्याकडचा नायट्रोजन चालणार नाही. त्याचं मशीन टायरपुरतं प्रेशर देतं, आपल्याला ५५ बार लागतं. मकरपुरा जीआयडीसीत हायड्रॉलिकची कामं करणारे भरपूर आहेत. प्रेसच्या आणि इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ते नेहमीच नायट्रोजन भरतात. त्यांच्याकडे हाय प्रेशर सिलिंडर, रेग्युलेटर आणि गेज असतो. नसतो तो फक्त आपल्या गोळ्याच्या माथ्यावर बसणारा जोड. आतला बोल्ट गॅसच्या दाबाखाली ढिला करून पुन्हा घट्ट करता यावा असा तो जोड हवा. खराब गोळा नमुना म्हणून दिलात तर चांगला टर्नर करून देतो. तिसरी, माथ्यावरच्या बोल्टखालचा सील नवा टाका, आणि भरल्यावर तिथे साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

किती भरायचं? बीएक्सच्या बहुतेक हॅचबॅक मॉडेलांत पुढे ५५ बार, मागे ४० बार, गोळे ४०० सीसीचे, आणि अ‍ॅक्युम्युलेटर ६२ बार. तुमच्या मूळ गोळ्यांवर आकडा ठोकलेला असेल तर शेवटचा शब्द त्याचा. हे आकडे २० अंश सेल्सियसचे असतात, आणि बडोद्यात मे महिन्यात दुपारी शेडमध्ये चाळीस अंश असतात. तापलेला गॅस प्रेशर जास्त दाखवतो, वीस अंशांच्या फरकाला सुमारे ७ टक्के. म्हणजे ४० अंशांत भरताना गेजवर ५५ आला म्हणून थांबलात, तर खरं प्रेशर साडेएक्कावन्नच. तेव्हा ५९ च्या जवळ जा. भरताना गोळा गरम होतो, म्हणून भरून तासभर ठेवा आणि मग पुन्हा वाचा.

‘कमी गॅस म्हणजे कडक, तर मग जास्त भरू, अजून मऊ होईल’ हा मोह होतो. थोड्या प्रमाणात ते खरं आहे, पण मागच्या बाजूला लगेच अंगाशी येतं. मागे वजन कमी, म्हणून लाइनचं प्रेशरही कमी. भरलेला गॅस त्या प्रेशरच्या वर गेला की रिकाम्या गाडीत तेल गोळ्यात शिरतच नाही, पडदा तोंडाशी जाऊन टेकतो आणि प्रत्येक उसळीला मागून ठक्क असा आवाज येतो. पुढचे गोळे चुकून मागे लावले तरी हेच होतं. पुढचे-मागचे काढल्याबरोबर खडूने खूण करा. नंतर सगळे सारखेच दिसतात.

दुसऱ्या सिट्रोएनचे गोळेही आटे जुळले म्हणून लावू नका. या गोळ्यांच्या गळ्यातच डॅम्पर असतो: मधे एक बारीक भोक आणि दोन्ही बाजूंना पातळ पत्र्यांचे व्हॉल्व्ह. शॉकअपचं काम तोच करतो. भोकाचा आकार प्रत्येक मॉडेलला वेगळा. आणि अ‍ॅक्युम्युलेटरच्या गोळ्यात हा डॅम्परच नसतो. तो चाकावर लावला तर गाडी थांबता थांबत नाही, झुलतच राहते.

युरोपात ‘कम्फर्ट’ म्हणून वेगळे गोळे विकतात: ५०० सीसीचे, किंवा डॅम्परचं भोक मोठं केलेले. ४०० च्या जागी ५०० सीसी, त्याच प्रेशरला, म्हणजे सुमारे २० टक्के मऊ. फरक जाणवतो. पण आधी गाडी मूळ स्थितीला आणा, महिनाभर चालवा आणि मगच ठरवा. चांगल्या गोळ्यांवरची मूळ बीएक्स इतकी मऊ असते की पुढची हौस बहुतेकांना लागत नाही. अहमदाबाद एक्सप्रेस हायवेवर नेहमी जाणं असेल तर मोठ्या भोकाचे गोळे मला पसंत नाहीत. शंभरच्या वेगाला रस्त्याच्या लांब लाटांवर गाडी पोहायला लागते आणि मागे बसणाऱ्याला मळमळतं.

काढण्या-बसवण्याचा क्रम, आणि यात जीव जाऊ शकतो

प्रेशर गेलं की ही गाडी पोटावर बसते. काही सेकंदांत, फारसा आवाज न करता. खाली माणूस असेल तर चेंगरतो. म्हणून नुसत्या जॅकवर किंवा ‘इंजिन चालू आहे, वर उभी आहे’ या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही.

इंजिन चालू ठेवून लिव्हर सगळ्यात वर घ्या. जॅक लावायच्या मजबूत जागांखाली चार घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, दगड-विटा नकोत. आता लिव्हर सगळ्यात खाली. तेल टाकीत परत जातं आणि गाडी घोड्यांवर टेकते. चारही बाजू नीट टेकल्याची खात्री करून इंजिन बंद करा. रेग्युलेटरवर एक छोटा ब्लीड स्क्रू असतो, तो फक्त एक फेरा ढिला करा. पूर्ण काढायचा नाही, त्याच्या आत बारीक छर्रा असतो आणि तो इंजिनाखाली पडला की दुपार गेली. फुस्स आवाज येऊन प्रेशर उतरेल. त्यानंतरच गोळ्याला हात लावा.

पुढचे दोन बॉनेटखाली, स्ट्रटच्या (पुढच्या चाकाच्या उभ्या सिलिंडरच्या) डोक्यावर आहेत, ते सोपे. मागचे खालून. काढायला पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना लागतो. छिन्नी-हातोडी मारून काढलेले गोळे पुष्कळ दिसतात. त्यात सिलिंडरचं तोंड खराब होतं आणि मग जन्मभराची गळती. अडकला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बसवताना तोंड पुसून घ्या, नवी रबर रिंग एलएचएममध्ये बुडवून लावा आणि गोळा हाताने घट्ट होईल तेवढाच करा. पान्याने आवळायचा नाही. आतलं प्रेशरच त्या रिंगला सील करतं, आणि आवळलेला गोळा पुढच्या वेळी कोणाच्याही बापाला निघत नाही.

मग ब्लीड स्क्रू ढिला असतानाच इंजिन सुरू करा, अर्धा-एक मिनिट पंपाला तेल ओढू द्या, मग स्क्रू बंद. डॅशबोर्डवरचा लाल स्टॉप दिवा विझेपर्यंत गाडी हलवू नका, कारण तोवर ब्रेकला प्रेशर नाही. लिव्हर खाली-वर चार-पाच वेळा करा. सस्पेन्शनमधली हवा आपोआप टाकीत निघून जाते. ब्रेकची लाइन उघडली असेल तर ती मात्र वेगळी ब्लीड करावी लागते.

तेल

या गाडीत एलएचएमच. ते खनिज तेल आहे आणि सगळे सील त्याच तेलात टिकणाऱ्या रबराचे आहेत. ब्रेक ऑइल म्हणून डॉट ३ किंवा डॉट ४ ओतलं, की सील फुगतात आणि पंपापासून ब्रेकपर्यंत सगळं उघडावं लागतं. यापेक्षा महाग चूक या गाडीत दुसरी नाही. टाकीच्या झाकणावर मराठीत आणि गुजरातीत ‘फक्त हिरवं एलएचएम’ अशी चिठ्ठी चिकटवा. सर्व्हिसला सोडलेल्या गाडीत मुलं आपलेपणाने ब्रेक ऑइल टॉपअप करतात. २००१ नंतरच्या सी फाइव्हमधलं नारिंगी एलडीएस तेलही यात चालत नाही, आणि हिरवं त्यात चालत नाही.

हे तेल दुकानात सहज मिळत नाही, मागवावं लागतं. त्यामुळे काम काढण्याआधी पाच लिटर घरी असू द्या. टाकीत दोन जाळीचे फिल्टर असतात. ते पेट्रोलने धुऊन, हवा मारून, पूर्ण सुकवून परत बसवा. तेल दुधट निघालं तर एकदा बदलून भागत नाही. नवं भरा, आठवडाभर रोज लिव्हर खाली-वर करत चालवा, पुन्हा काढा, पुन्हा भरा. सिलिंडरमध्ये अडकलेलं पाणी त्याशिवाय निघत नाही, आणि ते आत राहिलं तर आरशासारख्या पिस्टनवर गंजाचे ठिपके पडतात.

गोळे नवे, तरी बारीक खडबडीत रस्त्यावर खडखड

मोठा खड्डा मऊ जातो, पण बारीक खडीवर, पेव्हर ब्लॉकवर गाडी थरथरते. ही तक्रार वेगळी आहे आणि तुमच्या गाडीत पुराचा इतिहास असल्यामुळे मला तिची शंका आहे. इथे गॅसचा दोष नसतो, घर्षणाचा असतो. काहीतरी चिकटतंय, छोटा धक्का ते चिकटलेपण तोडू शकत नाही, म्हणून तसाच वर येतो.

एक चांगली चाचणी आहे. इंजिन चालू, नॉर्मल. बम्पर धरून गाडी वर उचला, सोडा, स्थिर होऊ द्या. हाइट करेक्टर मुद्दाम सावकाश काम करतो, त्यामुळे दहा-पंधरा सेकंद थांबा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. आता गाडी खाली दाबा, सोडा, थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही मापं जवळपास सारखी यायला हवीत. सेंटिमीटरभर किंवा जास्त फरक पडला तर कुठेतरी जाम आहे.

बीएक्समध्ये पहिला संशयित मागच्या आर्मचं बेअरिंग. मागचं प्रत्येक चाक एका लांब आर्मवर असतं आणि तो आर्म बेअरिंगवर थोडासाच वर-खाली फिरतो. पूर्ण फिरत नसल्याने तेच दोन-चार रोलर सगळा भार खातात, बाहेरच्या बाजूने पाणी शिरतं, आणि ग्रीस भरायला निपल नाही. गाडीच्या मागे पाच पावलं जाऊन खाली बसा आणि चाकांकडे बघा. वरची बाजू आत झुकलेली दिसली, टायर आतल्या कडेने झिजलेला असला, स्पीड ब्रेकरवरून जाताना मागून कुरकुर येत असली, तर बेअरिंग गेलं. चाक वर उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ हाताला लागतो. हे गोळ्यांपेक्षा मोठं काम आहे: आर्म काढावा लागतो, जुनी रिंग ओढून काढावी लागते, शाफ्टवर खड्डे पडले असतील तर तोही बदलावा लागतो. उशीर केला तर रोलर आर्मचंच घर कोरून टाकतात आणि मग नुसत्या बेअरिंगने भागत नाही. पूर बघितलेल्या गाडीत मी आवाजाची वाट न बघता हे उघडतो.

त्याच फेरीत मागच्या सिलिंडरचे रबरी बूट बघा. फाटका बूट म्हणजे चिखल पिस्टनवर. हाइट करेक्टरच्या दांड्यांचे बॉल साफ करून ग्रीस लावा. तो अडकला तर उंची चुकते. गाडी जास्त उंच राहिली तरी कडक, फार खाली राहिली तर स्टॉपरवर आपटते. योग्य उंची मॉडेलप्रमाणे वेगळी आहे, वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. नजरेच्या अंदाजाने लावू नका.

पुढे स्ट्रटच्या डोक्यावरचं रबर धातूपासून सुटतं. बॉनेट उघडून कोणाला तरी गाडी दाबायला सांगा आणि रबर उचकतंय का बघा. अँटी रोल बारच्या लिंक, खालच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट हे कुठल्याही गाडीसारखेच. इथे वेगळं सांगण्यासारखं काही नाही, आपला नेहमीचा मेकॅनिक करेल.

टायरचं एक सांगतो. बऱ्याच बीएक्सना १६५/७० आर १४ हा साइज आहे आणि तो इथे मिळतो. रुंद आणि चपटे टायर टाकून दिसायला बरं वाटेल, पण बारीक खड्डा गिळतो तो टायरच. गोळ्याला तेवढा वेळ मिळत नाही. हवा दाराजवळच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिली असेल तेवढीच. पंपावरचा मुलगा न विचारता ३५ पीएसआय भरतो, त्यावर लक्ष ठेवा. आणि मागच्या सीटचा फोम दाबून बघा. पस्तीस वर्षांचा फोम पीठ झालेला असतो. आईंना लागणारा अर्धा धक्का कदाचित सीटखालच्या पत्र्याचा असेल.

काय कशावर अवलंबून

हाताने दाबल्यावर चारही बाजू दगड असतील, तेल हिरवं असेल, मागची चाकं सरळ असतील, तर पाच गोळे, तेल आणि फिल्टर एवढ्यात तुमचं काम होईल. तेल दुधट असेल तर गोळ्यांच्या आधी तेल. चाकं झुकलेली असतील तर बेअरिंग आधी, कारण ते थांबवलं तर आर्म जातो. गोळे दोन महिने थांबवले तर फक्त कंबर दुखते. आणि टकटक दर दोन सेकंदांनी असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर बदलेपर्यंत गाडी हायवेला काढू नका.

शेवटी एक खुलासा, कारण तुम्ही ‘नव्या सिट्रोएनच्या शोरूममध्ये विचारू का’ असंही लिहिलंय. भारतात २०२१ पासून विकली गेलेली सी फाइव्ह एअरक्रॉस मऊ चालते, पण तिच्यात साधी स्प्रिंग आणि शॉकअप आहेत, शॉकअपच्या टोकांना हायड्रॉलिक स्टॉपर दिलेले. गोळे, हिरवं तेल, हाइट करेक्टर यातलं काही तिथे नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. त्यापेक्षा जुन्या मर्सिडीज वॅगनची मागची सेल्फ लेव्हलिंग ज्याने हाताळली आहे असा मेकॅनिक शोधा. तिच्यातही मागे असेच नायट्रोजनचे गोळे असतात, फक्त जोडीला स्प्रिंग असते आणि तेल वेगळं. गोळा मेला की गाडी कडक होते, हे त्याला पटवून द्यावं लागणार नाही. तपासून झालं की चार बाजूंचं दाबून बघितलेलं, टकटकीचं अंतर, तेलाचा रंग आणि मागच्या चाकांचा फोटो पाठवा. त्यावरून आधी काय उघडायचं ते सांगतो.